पिवळ्या दगडातली कीड

दगडाला कीड लागते हे मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या वडिलांच्या तोंडून, आणि त्यांच्या तोंडून ऐकलं म्हणून मला ते खरं वाटलं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा जन्मभर फार कमी बोलले आणि जे बोलले त्यातलं बरंचसं दगडाबद्दल होतं, तेव्हा त्या विषयात त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं. त्या दिवशीही ते नेहमीच्या आवाजात, जेवता जेवताच बोलले. आईने तांदळाची भाकरी वाढली, दादांनी ती मोडली आणि म्हणाले, "शेटचा माल किडका निघाला." आईने विचारलं, उन्हात टाकला का. दादा म्हणाले, "फरशी हाय ती." आईने पळी बुडवून कालवण वाढलं. आमच्या घरात एखादी गोष्ट कळली नाही की वाढायचं काम चालू ठेवायची पद्धत होती.

आमचं घर तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला होतं. भाताची चार खाचरं, एक म्हैस, परसात कारळ्याचा तुकडा आणि ओट्यावरून दिसणारा डोंगर एवढी आमची इस्टेट. घाट चढून येणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर यायचा. मालगाडीला मागून ढकलणारं इंजिन पुढच्या इंजिनाला शिटी द्यायचं आणि पुढचं त्याला उत्तर द्यायचं, आणि त्या दोन शिट्यांमध्ये आई चुलीवरची भाकरी उलटायची. जेवणात भात रोजचा. भाकरीबरोबर कारळ्याची चटणी, खाचरात खेकडे निघाले की त्यांचं कालवण, आणि उन्हाळ्यात बहुतेक वेळा नुसतं बेसन. भात झोडून झाला की दादा फरशीच्या कामावर जायचे, ते पेरणीपर्यंत. तुंगार्लीत आणि खंडाळ्याच्या कड्याकडे बंगले वाढत होते आणि प्रत्येक बंगल्याला पायाखाली काहीतरी हवं होतं. दुसऱ्यांच्या घरात आरशासारख्या फरश्या बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र शेणाची जमीन होती. फरशी घालू या, असं दादा एक-दोनदा म्हणाले होते. आईने त्यांना सांगितलं की जमीन दर आठ दिवसांनी नवी होते, फरशी होते का? तिथेच विषय मिटला.

घरात दगड मात्र भरपूर होते. उरलेले तुकडे, कोपरा उडालेल्या फरश्या, सगळं दादा घरी आणायचे. न्हाणीचा दगड, धुण्याचा दगड, गोठ्याची पायरी, रांजणाचं झाकण. हे सगळे दगड काळे, आमच्याच डोंगराचे. काळ्या दगडावर दादांची माया होती. एक हात दगडाखाली घालून ते तो किंचित उचलत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं वाजवून बघत. दगड खणखणीत बोलला की घ्यायचा, बद्द बोलला की आत चीर आहे, टाकायचा. ही सवय त्यांना इतकी लागली होती की लोणावळ्याच्या बाजारात ते माठ, कलिंगडं, पाट, जे दिसेल ते वाजवून बघत आणि बहुतेक वेळा काही न घेता पुढे जात. बाजारातले लोक त्यांना ओळखून होते. काळ्या दगडाच्या पोटात दगडच असतो, फार तर कधी एखादी चमकणारी गार, असं दादांचं चाळीस वर्षांचं ज्ञान होतं. ते चूक नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्यासमोर पिवळा दगड आला, एवढंच.

माझी दहावीची परीक्षा होऊन निकाल लागायचा होता. निकाल लागेपर्यंत मुलीने घरात बसून काय करायचं, याबद्दल आईकडे बरीच योजना होती. त्यातून सुटण्यासाठी मी दादांची भाकरी घेऊन कामावर जायला लागले आणि संध्याकाळपर्यंत परत यायची विसरायला लागले. शेठचा बंगला तळ्याच्या खालच्या अंगाला होता. शेठ मुंबईचे, कापडाचे व्यापारी. बोलायला बरे, पण घाईत असलेले. हॉलसाठी त्यांनी जैसलमेरकडचा पिवळा दगड मागवला होता. ट्रक आला तेव्हा दादांनी पहिली फरशी उतरवून वाजवली आणि मान हलवली. आवाज वेगळा, पण चीर नव्हती. वरून सगळ्या फरश्या खरखरीत, धुळीने माखलेल्या, रंगाला बेसनासारख्या. त्या कशासाठी एवढ्या लांबून आणल्या हे शेठनी सांगितलं नाही. फरशी लावणाऱ्याला फरशीबद्दल सांगायची पद्धत तेव्हा नव्हती. आता मी बघते, आताही नाही.

दादांनी हॉल लावला. दोरी धरून, पाणसळ लावून पातळी बघून, दोन फरश्यांत नख जाणार नाही अशा बेताने. मग घासायचं मशीन आलं. ते चालवायला गोमा होता. गोमा डोंगरावरच्या ठाकरवाडीतला; अंगाने बारीक, पण मशीन त्याचं ऐकायचं. खाली पाणी सोडायचं, मशीन फिरवायचं, पिवळा गाळ व्हायचा, तो रबराने ओढून काढायचा आणि पोत्याने पुसून बघायचं. गोमाने दाराजवळचा पहिला पट्टा पुसला आणि हाक मारली. फरशीत एक पांढरी कोर दिसत होती, कापलेल्या नखासारखी. शेजारी दुसरी. पुढच्या फरशीत एकात एक गेलेल्या पाच-सहा. दादा उकिडवे बसले, नख लावून बघितलं, थुंकी लावून बघितलं. डाग वरचा असता तर निघाला असता. ते म्हणाले, आणखी एक हात मार. गोमाने आणखी एक हात मारला. पहिल्या कोरी पुसट झाल्या आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या आल्या. दुपारपर्यंत हे चाललं. घासावं तेवढ्या वर येत होत्या.

गोमाने त्या दिवशी खरं काय ते सांगितलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे त्याचं श्रेय त्याला कुणी दिलं नाही. तो घाट उतरून खाली पेणच्या बाजाराला जाऊन आलेला होता. तो म्हणाला, "भाऊ, शिंपल्या हायती ह्या. खाली समुद्राच्या बाजूला ढिगानं असत्यात." दादांनी त्याला विचारलं की समुद्र कुठं, हा दगड कुठला, आणि मधल्या मधी त्या दगडात घातल्या कुणी. गोमाने थोडा विचार केला. घालणारा कोण हे त्याला सांगता येईना. तेवढ्यावर त्याचं म्हणणं फेटाळलं गेलं आणि दादांनी निकाल दिला की ही कीड आहे. धान्याला लागते, लाकडाला लागते, तशी या पिवळ्या दगडाला लागली. तो मऊ आहे, कोरड्या मुलखातला आहे, लांबून आलाय. गोमाने मान डोलावली आणि मशीन चालू केलं. मला विचाराल तर त्या वयात मला दादांचं म्हणणं जास्त पटलं होतं.

आता प्रश्न शेठला काय सांगायचं हा होता. मुंबईला निरोप पाठवून माल किडका आहे म्हणून कळवता आलं असतं. पण फरशी लावून झाली होती. लावण्याआधी माल बघून घ्यायचा असतो, आणि तो बघणारा माणूस दादा होते. तुंगार्लीपासून खंडाळ्यापर्यंत दादांनी लावलेल्या फरशीत कुणी बोट दाखवलं नव्हतं. काम त्यांच्याकडे यायचं ते त्या एका गोष्टीवर. वास्तुशांतीला दहा दिवस होते. दादांनी रात्रभर काय विचार केला ते मला माहीत नाही. सकाळी चहा पिताना ते एवढंच म्हणाले की कीड काढायची आणि भरायचं.

पुढचे आठ दिवस मी जे बघितलं तसं काम मी नंतर कुठेही बघितलं नाही, आणि मी पुढे जन्मभर दगडाचंच काम केलं. करवतीच्या तुटक्या पात्याला धार लावून दादांनी बारीक छन्नी केली होती. पालथं पडून, गाल जवळजवळ फरशीला लावून, ते एकेक शिंपला कोरून काढत. दोन सुतं, म्हणजे पाव इंच खोल, कडा उभ्या, आजूबाजूच्या दगडाला ओरखडा नाही. मग तो खड्डा ब्रशने साफ करून त्यात लांबी भरायची. लांबी म्हणजे याच दगडाची वस्त्रगाळ भुकटी, पांढरं सिमेंट आणि पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती. नीट भरलेली लांबी फुटली तर दगडासकट फुटते, अख्खी सुटत नाही, असं दादा म्हणायचे. ती कालवायचं काम माझं. हे सोपं नव्हतं, कारण ओली असताना एक रंग आणि वाळली की दुसरा. मी एका फुटक्या फरशीवर ठिपके देऊन उन्हात ठेवायची आणि वाळले की दादांना दाखवायची. दादा म्हणायचे, पिवडी चिमूटभर कमी. किंवा म्हणायचे, त्या कोपऱ्यातली फरशी तांबूस हाय, तिच्यासाठी वेगळी कालव. शेवटी शेवटी आमच्याकडे अकरा वाट्या होत्या, अकरा पिवळ्या रंगांच्या. भरायला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी एकदा विचारलं, एक भरू का. दादांनी वर न बघता सांगितलं, तू कालव. गोमाने विचारलंच नाही.

दाराकडून तिसऱ्या फरशीत सगळ्यात मोठा होता. तो शिंपला नव्हता. चकलीसारखा वेटोळा, तळहाताएवढा, आणि त्या वेटोळ्यात बारीक बारीक पडदे, आतून बाहेर मोठे होत गेलेले. पडद्यांच्या मधल्या जागेत काचेसारखं काहीतरी भरलेलं, पाणी टाकलं की चमकायचं. दादा त्याच्यासमोर बराच वेळ बसले होते. म्हणाले, "ही कीड लय जुनी हाय. घर करून ऱ्हायलीय." मला तो फार आवडला होता. एवढा एक राहू द्या, असं म्हणावं असं मला अगदी तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. दादांनी दीड दिवस त्याच्यावर घालवला. कोरताना निघालेला चुरा मी घमेल्यात भरून मागे करवंदीच्या जाळीत टाकला. पुढे पुण्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं सुईने दगड कोरून शिंपले मोकळे करत होते, आणि कुणी म्हटलं की तुमचा हात फार हलका आहे, की मला तेवढं ते घमेलं आठवायचं.

आठव्या दिवशी शेवटची घासाई झाली आणि मेण लावून हॉल चमकवला. दादा दारात उभे राहिले. मग आडवे झाले आणि उजेडाच्या दिशेने एक डोळा मिटून बघत राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नितळ पिवळी फरशी, तिच्यात काही नाही. मी दादांना खूश झालेलं फारसं बघितलेलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आईकडे आपणहून दुसऱ्यांदा भात मागितला.

वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं होतं. दादांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मला घेऊन गेले. आईने येणार नाही म्हणून सांगितलं, तिला दुसऱ्याच्या फरशीवर बसायला नको असायचं. पूजा आटपली होती. हॉलमध्ये पंधरा-वीस पाहुणे, कपाळाला गंध, हातात सरबत. आम्ही दाराशी उभे राहिलो. शेठनी लांबूनच हात केला. इतक्यात एक पिकलेल्या केसांच्या बाई आल्या, सुती लुगडं, खांद्याला शबनम. शेठच्या बायकोच्या त्या मावशी. पुण्याला कॉलेजात दगड शिकवत, नुकत्या निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मावशीबाई म्हणत होते. हा दगड घ्या असं शेठना त्यांनीच सांगितलेलं होतं आणि तो बघायलाच त्या आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून भिंग काढलं आणि भर हॉलमध्ये गुडघ्यावर बसल्या. पाहुणे बाजूला सरकले. मावशीबाई रांगत रांगत खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "अरे, यात शंख कुठं आहेत?"

शेठ हसले, मग त्यांनीही वाकून बघितलं, आणि मग ते हसायचे थांबले. त्यांनी नमुन्याची फरशी मुंबईला बघितली होती. तिच्यात वीतभर जागेत दहा शिंपले होते. या दगडाचं मोलच त्या शिंपल्यांचं होतं, म्हणून तर तो एवढ्या लांबून आणलेला. ते दादांजवळ आले. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, माझा दगड कुठं गेला?" दादा म्हणाले, "ह्योच त्यो." शेठ म्हणाले, हा तो नव्हे, ही कुठली तरी साधी फरशी आहे, चांगला माल गेला कुठं तेवढं सांगा, म्हणजे पुढचं मला करायला नको. मग दादांनी सांगितलं. आठ दिवसांचं काम त्यांनी चार शब्दांत सांगितलं. "कीड हुती. काढून भरली." पाहुण्यांत कुणीतरी हसलं. शेठ म्हणाले, बरं, कुठं भरली ते दाखवा. दादांनी फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "दिसायचं न्हाई ते. दिसलं तर काम कसलं."

दादा खरं बोलत होते आणि त्यातला एकही शब्द त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मावशीबाई भिंग घेऊन पुन्हा रांगल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जन्मभर दगड बघितलेली बाई ती. मी देवाला म्हणत होते की तिला एक तरी सांधा दिसू दे. दादा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळत नव्हतं की त्यांना तो दिसावासा वाटतोय की नाही. मावशीबाई उठल्या आणि नाइलाजाने म्हणाल्या, मला तरी काही दिसत नाही. शेठनी मान हलवली. ते म्हणाले की आजच्या दिवशी घरात पोलीस नकोत, पण तळ्यापासून कड्यापर्यंत जेवढे बंगलेवाले ओळखीचे आहेत त्यांना फरशी बदलणारा मिस्त्री कोण ते आजच कळेल, त्यातले निम्मे तर इथेच उभे आहेत. ते खरं होतं. दादांनी ज्यांच्या घरात काम केलं होतं असे चार-पाच जण तिथे होते आणि ते आता सरबताकडे बघत होते.

दादांना दाखवता आलं असतं. कुठला खड्डा कुठं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण दाखवायचं म्हणजे फोडायचं, आणि स्वतःचं पुरं झालेलं काम ते फोडणार नाहीत हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. त्यांना चोर ठरवून घरी पाठवलं असतं तरी ते गेले असते. मला ते सहन झालं नाही. हत्यारांची पिशवी अजून मागच्या पडवीत होती. मी गेले, छन्नी आणि हातोडी घेतली, पाहुण्यांमधून वाट काढत आले आणि दाराकडून तिसऱ्या फरशीशी बसले. दादांनी मला हाक मारली, "शाले." एवढंच म्हणाले. मी छन्नी लावली. मलाही सांधा दिसत नव्हता. मी नुसती आठवणीवर लावली, आणि ठोका दिला. भरल्या घरात, पूजेच्या दिवशी, फरशी फोडल्याचा तो आवाज. भटजी म्हणाले, "अहो, आज नको." तिसऱ्या ठोक्याला लांबी उचलली गेली, अख्खी, झाकणासारखी. खाली वेटोळं होतं. वरचा भाग दादांनी कोरून टाकला होता, पण तळाला दगडात अजून अर्धं राहिलेलं होतं, त्याचे पडदे, त्याचं काचेसारखं पाणी, सगळं.

पहिल्या बोलल्या त्या मावशीबाई. त्यांनी शेठना नावाने हाक मारली आणि या माणसाची माफी माग म्हणून सांगितलं. शेठनी माफी मागितली, म्हणजे दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवून जा म्हणाले. सरबताकडे बघणारे लोक आता दादांकडे बघायला लागले. मावशीबाई त्या झाकणाची कड भिंगाखाली धरून बघत होत्या आणि पुटपुटत होत्या. मग त्या दादांजवळ येऊन, तिथेच फरशीवर बसल्या, आणि दादांनाही बसावं लागलं.

त्यांनी दादांना सांगितलं की ही कीड नाही. हा एक जीव होता, समुद्रातला. हा दगड जिथला आहे तिथे तेव्हा समुद्र होता, माणूस जन्माला यायच्या कितीतरी कोटी वर्षं आधी. तळाशी गाळ साचत गेला, त्यात हे गाडले गेले आणि गाळाचा दगड झाला. दादांनी ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, आमच्या काळ्या दगडात असं काही निघत नाही, ते का. मावशीबाई म्हणाल्या, तुमचा डोंगर आगीतून आलाय, जमिनीतून उकळत वर आलेला रस थंड होऊन झालेला, त्यात समुद्राचा जीव कुठून असणार. दादांनी मान हलवली. काळ्या मालाबद्दलचं आपलं मत बरोबर होतं याचं त्यांना त्याही वेळी बरं वाटलं असावं. मग त्यांनी त्या वेटोळ्यातल्या पडद्यांवर बोट ठेवून विचारलं, हे काय. मावशीबाई म्हणाल्या, त्या खोल्या. हा जीव वाढला की घर लहान व्हायचं, मग तो पुढे मोठी खोली बांधायचा, तिच्यात राहायला जायचा आणि मागच्या खोलीला भिंत घालून घ्यायचा. जन्मभर बांधतच असायचा.

दादा पुढे वाकले. एकेक पडदा मोजल्यासारखे बघत राहिले. "गवंडी हुता म्हना की," ते म्हणाले. मावशीबाई हसल्या, तसं म्हणा. दादा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "इतकी वर्सं तसंच टिकलं हुतं?" मावशीबाई हो म्हणाल्या. दादांनी हॉलभर नजर फिरवली. कुठे कुठे काय काढलं ते त्यांना सगळं दिसत होतं, बाकी कुणालाच दिसत नव्हतं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या खड्ड्यातली वाळून उरलेली भुकटी त्यांनी फुंकून काढली, ओला पोलिशचा दगड मागवला आणि उरलेलं अर्धं वेटोळं घासून चमकवून दिलं. ते तसंच उघडं ठेवायचं असं शेठनी ठरवलं होतं. बाकीचे उघडायचे का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा दादा म्हणाले की त्यांच्या खाली असेच राहिले असतील याचा भरवसा नाही. नंतर आम्ही पडवीत जेवलो. जिलबी होती, मसालेभात होता. दादांनी भात चिवडला. मावशीबाई मला काय काय विचारत होत्या, लांबी कुणी कालवली, निकाल कधी आहे, पुण्याला कुणी आहे का. त्यातून पुढे माझं सगळं आयुष्य निघालं, पण त्या दुपारी माझं लक्ष तिकडे नव्हतं. आता त्या बंगल्याचं हॉटेल झालं आहे आणि भुशीच्या धरणावर येणारी गर्दी शनिवारी तिथे उतरते. फरशीवर दुसरी फरशी बसवली आहे, शंखांचं चित्र छापलेली. मी मॅनेजरला सांगायला गेले की खाली खरे आहेत. त्याने मला पाणी दिलं आणि बसा म्हणाला.

जेवून निघालो ते आम्ही तळ्याच्या काठाने. चोरीचा आळ गेला होता, पुढची दोन कामं दादांना जाता जाता सांगितली गेली होती, आणि तरी दादा पाय ओढत चालत होते. मी हत्यारांची पिशवी धरली होती. मी त्यांचं काम फोडलं होतं, सगळ्यांच्या देखत, आणि ते माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. अर्धी वाट संपली. मला रडू यायला लागलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी मागे मागे चालत होते. बांधाशी दादा थांबले. माझ्याकडे न बघता, तळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "त्यो कुनी भरला हुता?"

त्या हॉलमधला एकही खड्डा दादांनी मला भरू दिला नव्हता. तिसऱ्या फरशीतल्या त्या एकासाठी ते दीड दिवस पालथे पडले होते आणि मी शेजारी वाटी धरून बसले होते.

"मी," मी म्हटलं.

दादांनी मान हलवली. माझ्या हातातली पिशवी घेतली, खांद्याला अडकवली. "तरीच सुटला," म्हणाले, आणि चालायला लागले.